मांडवावरचे वाल, घेवडे आणि त्यांच्या गोष्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडला राहते, चौथा मजला, पूर्वेची खिडकी. आजीच्या गावाहून, पेणजवळून आलेला जांभळ्या काठाचा घेवडा दरवर्षी ग्रिलवर चढवते. बी वाटायला लागल्यापासून लोक तेच तेच प्रश्न पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केलीत. जिथे एका उत्तरात दुसऱ्याचा विषय येतो तिथे नंबर दिलाय.

१. वाल, पावटा, घेवडा, पापडी हे सगळं एकच आहे का वेगवेगळं?

वनस्पती म्हणून बहुतेक एकच, लॅबलॅब पर्प्युरियस. पण स्वयंपाकघरात ते एक नाहीत. कोकणात आणि मुंबईत सुक्या दाण्याला वाल म्हणतात, त्यात कडवे आणि गोडे. घाटावर पांढऱ्या टपोऱ्या दाण्याला पावटा. कोवळी शेंग दाण्यासकट मोडून भाजी केली की घेवडा, आणि चपटी कोवळी शेंग गुजरात्यांच्या उंधियूत गेली की पापडी. कर्नाटकात यालाच अवरे म्हणतात. श्रावणघेवडा मात्र या घरातला नाही, तो म्हणजे आपली फरसबी, मूळ अमेरिका खंडातली, युरोपियन लोकांबरोबर इकडे आलेली. वालाचं मूळ आफ्रिकेत धरतात पण तो आपल्याकडे इतका जुना आहे की दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात त्याचे दाणे सापडलेत, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. म्हणून कोणी बी देताना नुसतं "घेवडा" म्हणालं तर विचारा की शेंग खायची का दाणा, वेल चढतो का जमिनीवर पसरतो.

चवळी, चौधारी, अबई, डबल बी हेही वेलावरचेच पण जाती वेगळ्या. त्यातले कोणते खाताना काळजी घ्यायची ते १६ मध्ये.

२. गावठी बी म्हणजे काय? पाकिटातलं बी वाईट का?

वाईट नाही. पाकिटातले घेवडे बहुतेक वेळा संकरित नसतात, कारण शेंगवर्गात संकरित बी मोठ्या प्रमाणावर बनवणं अवघड आणि महाग जातं, त्यामुळे ती सुधारित सरळ जात असते आणि तिचंही बी ठेवता येतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण वाल १ आणि कोकण वाल २ या अशाच जाती. फरक असा की गावठी बी एका घराने, एका गावाने पिढ्यानपिढ्या निवडलेलं असतं, त्यांच्या जिभेप्रमाणे आणि त्यांच्या पावसाप्रमाणे. त्यातले दाणे थोडे कमीजास्त असतात, एकदम फुलत नाहीत, तीन महिने थोडं थोडं देत राहतात. बाजाराला ते गैरसोयीचं, घराला सोयीचं.

३. फ्लॅटमध्ये, ग्रिलमध्ये खरंच होतो का?

होतो. वीस लिटरची बादली किंवा तेवढीच कुंडी, खाली भोकं, पाच-सहा तास ऊन. बी इंचभर खोल, एका बादलीत दोन वेल, जास्त नाही. वेल तीन ते पाच मीटर जातो म्हणून सुतळी आधीच बांधून ठेवा, नंतर बांधायला गेलं की शेंडा मोडतो. शेणखत एकदा द्या आणि थांबा, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतः बांधून घेतात, वरून युरिया घातला तर नुसती पानं मिळतात. सोसायटीत पाणी खाली ठिबकतं म्हणून भांडणं होतात, मोठी ताटली ठेवा आणि पहिल्या शेंगा खालच्या मजल्यावर नेऊन द्या, आमच्याकडे तरी याने प्रश्न मिटला.

४. पेरायचं कधी?

जुनी माणसं मृगावर लावायची, म्हणजे सात-आठ जूनच्या आसपास. गावाला मांडवाखाली पाणी निघून जातं म्हणून ते जमतं. मुंबईत कुंडीत जूनच्या धारेखाली बी कुजतं, त्यामुळे छपराखाली नसाल तर जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये पाऊस जरा उसंत घेतो तेव्हा पेरा. नवरात्रात पेरलं तरी चालतं, वेल छोटा राहतो पण फूल लवकर येतं.

५. वेल वरच्या मजल्यावर पोचला, पान बघावं तर हातभर, पण एक फूल नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा काहीच नाही. जुन्या मांडवी जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. मुंबईत जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकराच्या आसपास, वेल हे मोजत असतो. जूनमध्ये लावा का ऑगस्टमध्ये, कळी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला धरते. सप्टेंबरमध्ये उपटून टाकलेल्या वेलांचे मेसेज मला दरवर्षी येतात आणि दरवर्षी वाईट वाटतं, दीड महिना थांबले असते तर.

शहरात आणखी एक गोष्ट आहे, रात्रीचा उजेड. वेलासाठी मोजणी खरी रात्रीचीच असते, लांब सलग अंधार. खिडकीसमोर रस्त्याचा दिवा असेल किंवा बाल्कनीचा लाइट रात्रभर चालू असेल तर त्याला रात्र पूर्ण मिळत नाही आणि फूल लांबतं. मी एकाच बियाचे दोन वेल लावले होते, एक जिन्याच्या दिव्याकडे, एक अंधाऱ्या बाजूला, आणि अंधारातला तीन आठवडे आधी फुलला. दिवा बंद करता येत नसेल तर संध्याकाळी जुनी चादर आडवी बांधा.

हे सोडून उरतं ते जास्त खत (३) किंवा कमी ऊन.

६. शेंड्यांवर काळे किडे चिकटलेत आणि मुंग्या फिरतायत.

काळा मावा. वालाला तो येतोच. पाण्याचा जोरात फवारा, दोन दिवसांनी परत, मग निंबोळी अर्क. बियाण्यासाठी ठेवलेल्या वेलावर आधी उपाय करा. पान पिवळं-हिरवं चट्ट्यापट्ट्याचं झालं तर तो मोझॅक, त्यावर औषध नाही, तो वेल काढा आणि त्याचं बी अजिबात ठेवू नका.

७. बियांसाठी कोणत्या शेंगा ठेवू? आम्ही शेवटी उरलेल्या ठेवतो.

हीच सर्वात जास्त होणारी चूक. चांगल्या शेंगा पोटात जातात आणि उरलेल्या, वाकड्या, उशिराच्या शेंगा बी होतात, मग चार वर्षांनी लोक म्हणतात की जात बिघडली. माझी आजी हंगामाच्या सुरुवातीलाच उत्तम वेल निवडून त्याच्या मधल्या भागातल्या शेंगांना लाल दोरा बांधायची, आणि दोऱ्याच्या शेंगेला हात लावायचा नाही हे घरातल्या लहान पोरालासुद्धा माहीत असायचं. निरोगी वेल, भरलेली शेंग, आणि तुमच्या जातीची जी ओळख असेल ती त्यात स्पष्ट दिसायला हवी, माझ्याकडे जांभळा काठ. शेंग वेलावरच वाळू द्या, हलवल्यावर आतले दाणे वाजले की तोडा. अवकाळी पाऊस येणार असेल तर पिवळ्या पडलेल्या शेंगा देठासकट कापून घरात उलट्या टांगा, आत पिकतात.

८. मुंबईच्या दमट हवेत बी टिकत नाही, मे महिन्यात डबा उघडला तर भोकं आणि भुंगे. काय करू?

भुंगा बहुतेक वेळा बाहेरून डब्यात शिरत नाही, त्याची अंडी शेतातच शेंगेवर आणि दाण्यावर घातलेली असतात, त्यामुळे घट्ट झाकणाने एकट्याने काही होत नाही. मी काय करते ते सांगते.

आधी सावलीत आठ-दहा दिवस वाळवणं, पंख्याखाली. दाणा दातात धरून दाबला तर खूण उठता कामा नये, टचकन फुटला पाहिजे. मग काचेच्या बरणीत भरून, झाकण घट्ट, आठवडाभर फ्रीझरमध्ये. अंडी, अळ्या सगळं मरतं. पण दाणा ओला असेल तर फ्रीझरमध्ये दाणाच मरतो, म्हणून क्रम बदलायचा नाही. बाहेर काढल्यावर बरणी पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत घाम धरतो. मग सिलिका जेलची पुडी, ती नसेल तर तव्यावर कोरडे भाजून गार केलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवा, आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. ओलावा एक टक्का कमी झाला की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, तापमान पाच अंश उतरलं की पुन्हा दुप्पट, असा एक जुना ठोकताळा आहे आणि मुंबईत तो पदोपदी पटतो.

गावची पद्धत राखेची. चुलीची चाळलेली राख दाण्यात मिसळून मडक्यात भरायची, तोंड फडक्याने बांधून शेणमातीने लिंपायचं. राखेने दाणा कोरडा राहतो आणि भुंग्याला दाण्यांमधून हिंडता येत नाही. कोणी एरंडेलाचा हात फिरवतात. दोन्ही चालतं, पण शहरात कोळशाची किंवा अगरबत्तीची राख वापरू नका, लाकडाचीच हवी.

९. बी किती वर्षं चालतं आणि जिवंत आहे का ते कसं कळणार?

उघड्या डब्यात मुंबईत एक-दोन वर्षं, ८ मधल्यासारखं ठेवलं तर पाच आणि पुढेही. तपासायला दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा, आठवड्यात सात-आठांना मोड आले तर उत्तम, पाचाच्या खाली आले तर यंदाच पेरून नवीन करा.

घटस्थापनेला घटाभोवतीच्या मातीत आपण धान्य पेरतो तेही एका अर्थी हेच. नवधान्यांत बऱ्याच घरी वाल किंवा पावटे असतात, आणि नऊ दिवसांत कोणतं कसं उगवलं ते बघून गावाकडे पुढच्या पिकाचा अंदाज बांधतात. म्हणून घटात किराण्याचे विकतचे दाणे न टाकता तुमच्या बरणीतले टाका, पूजाही होते आणि बी पण कळतं.

१०. दोन जाती शेजारी लावल्या तर मिसळ होईल का?

वाल मुख्यतः स्वपरागी आहे, फूल उमलायच्या आतच काम झालेलं असतं. पण काळे मोठे भुंगे (बियाण्यातले किडे नव्हे, फुलावर गुणगुणणारे) वजनाने फूल उघडतात आणि थोडी मिसळ होऊ शकते. डबल बीमध्ये वालापेक्षा जास्त होते, फरसबी आणि चवळीत कमी. बाल्कनीत अंतर राखणं शक्य नाही, म्हणून बियाण्याच्या तुऱ्यावर कळ्या असतानाच लग्नात हळदकुंकवाला देतात तसली जाळीची पोटली बांधा, शेंग धरली की काढा आणि दोरा बांधा.

वेगळ्या रंगाचा दाणा निघाला तर फेकू नका, वेगळ्या पुडीत ठेवून नाव लिहा. काही घरांची जात मुळातच मिश्र असते, काळे-तांबडे-पांढरे एकत्रच पेरायचे असतात, अशावेळी "शुद्ध" करायला गेलात तर त्यांची जात तुम्ही मोडली.

११. किराणा दुकानातले कडवे वाल पेरले तर चालेल?

उगवतील. पण मांडवावर चढायची अपेक्षा ठेवू नका. रायगडात कडवे वाल भाताच्या कापणीनंतर त्याच जमिनीत, उरलेल्या ओलीवर घेतात, ते झाड बुटकं आणि पसरणारं असतं. शिवाय पोत्यात चार गावांचा माल एकत्र असतो, त्यामुळे ती कोणाची जात आणि कुठली गोष्ट हे कधीच कळत नाही. खायला उत्तम, राखायला नाही.

१२. बी राखलं ना, मग गोष्टी कशाला लिहायच्या?

कारण गोष्टीत वापराची माहिती असते. एका बाईंनी मला काळ्या दाण्याचा वाल पाठवला, सोबत काहीच नाही. दोन वर्षं मी त्याची कोवळ्या शेंगेची भाजी करत होते, कडू लागायची, जवळजवळ सोडलाच होता. मग त्यांच्या सासूबाईंशी फोनवर बोलले तेव्हा कळलं की ही शेंग खायचीच नसते, दाणा वाळवून मोड आणून फक्त बिरडं, आणि तेही श्रावणासाठी राखून ठेवायचे. ती एक ओळ आली नसती तर माझ्याकडून ती जात गेली असती.

सणांचंही तसंच. श्रावणी सोमवारी सीकेपी घरांत उपास सोडताना बिरडं असतं, आणि श्रावणात मांडवावर काहीच नसतं, म्हणजे गेल्या हंगामातले दाणे तोपर्यंत नीट टिकले पाहिजेत. ऋषिपंचमीच्या भाजीत बैलाच्या श्रमाचं काही चालत नाही, परसातलं, वेलावरचं, हाताने लावलेलं चालतं, त्यामुळे दर घराला परसात दोन-चार वेल ठेवणं भाग पडायचं. भोगीच्या भाजीत पावटा आणि घेवडा जानेवारीत, ऐन बहरात. आणि अलिबाग-पेणकडची पोपटी, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, पाण्याचा थेंब नाही, मडकं उलटं घालून भोवती जाळ. ज्या शेंगेचं साल त्या वाफेत मऊ पडतं आणि दाणा पिठूळ होतो तीच पोपटीची शेंग, हा निवडीचा निकष कुठल्याही पाकिटावर छापलेला नाही. सण बंद पडला की ती जात लावायचं कारणच उरत नाही, आणि हे मी माझ्या गावात बघितलंय.

१३. गोष्ट विचारायची कशी? आजी म्हणते "त्यात काय सांगायचं".

समोर मोबाईल धरून "माहिती सांग" म्हणू नका. भिजवलेले वाल घेऊन सोलायला बसा. कोमट पाण्यात हात असले की बोलणं आपोआप येतं. छोटे प्रश्न विचारा, हे बी तुला कोणी दिलं, माहेरचं का सासरचं, पहिली शेंग कोणाला जायची, कोणाला द्यायचं नाही, दुष्काळात काय केलं. बऱ्याचदा बी लग्नात ओटीबरोबर किंवा पदराच्या गाठीत आलेलं असतं, म्हणजे बियाचा नकाशा हा लेकी कुठे दिल्या त्याचा नकाशा असतो. त्यांच्याच शब्दांत लिहा, आगरी, कोळी, वारली, ठाकरी, जी बोली असेल ती, तुमच्या प्रमाण मराठीत "सुधारू" नका. दोघी जावांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. आणि कोणाचं नाव बाहेर सांगायच्या आधी त्यांना विचारा.

बरणीवरची चिठ्ठी मी अशी लिहिते: जांभळ्या काठाचा घेवडा, पेणजवळचं गाव, आजीकडून आईला, आईकडून मला, शेंग आणि ओला दाणा दोन्ही खायचे, फूल नोव्हेंबरात, अमुक साली इतके दाणे. पेन्सिलने, शाई दमट हवेत पसरते. गोष्ट वहीत, चिठ्ठीवर वहीचा पान नंबर.

१४. वेलाला बोट दाखवलं की कळी गळते, चोरलेलं बी जास्त लागतं, पाळीत वेलाला शिवायचं नाही. हे पण लिहायचं का? पाळायचं का?

लिहायचं सगळं. पाळायचं काय ते वेगळं.

कोवळ्या फळाला सरळ बोट न दाखवता वाकडं बोट करायचं, हे काकडी-भोपळ्यापासून घेवड्यापर्यंत सगळीकडे आहे, आणि त्यामुळे पोरं कळीला हात लावत नाहीत हा फायदा खरा आहे. मांडवाला जुनी चप्पल किंवा चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं दृष्टीसाठी टांगतात, त्याने कोणाचं नुकसान नाही, टांगा. चोरलेलं बी फोफावतं असं म्हणतात, पण चोरलेल्या बियाबरोबर गोष्ट येत नाही, म्हणून मागून घ्या.

पाळीतल्या बाईची सावली पडली तर वेल जळतो, हे मी वहीत लिहिलंय कारण लोक ते मानत होते आणि कोणाला मांडवापासून लांब ठेवलं गेलं हेही नोंदीत यायला हवं. पण ते खोटं आहे. माझ्या ग्रिलवरचा वेल महिन्याचे तीसही दिवस मीच हाताळते. असली समजूत "परंपरा" म्हणून पुढच्या मुलीच्या हातात देऊ नका.

१५. बी आहे पण नाव-गाव काहीच माहीत नाही. किंवा उलटं, गोष्ट आहे पण बी गेलं.

पहिल्यात खोटं नाव देऊ नका. "दादरच्या बाजारात भाजीवाल्या मावशींकडून, अमुक साली" एवढंही पुरे, तिथून नवी नोंद सुरू होते. दुसऱ्यात आधी गोष्टीतल्या खुणा लिहा, दाण्याचा रंग, शेंगेची लांबी, चव, मग माहेर-सासरच्या गावांत शोधा (१३ मधला लेकींचा नकाशा इथे कामाला येतो). पालघर-वसईकडून लोकलने भाजी घेऊन येणाऱ्या बायकांना विचारा, जानेवारीत विचारा, तेव्हा त्यांच्या टोपलीत शेंगा असतात. सारखं दिसणारं मिळालं तर "तसंच" लिहा, "तेच" लिहू नका.

१६. कच्चे खाल्ले तर चालतात का? अबई आणि डबल बीचं काय?

सुके वाल कच्चे खायचे नाहीत. वालात आणि डबल बीमध्ये सायनाइड सोडणारे घटक असतात, गडद दाण्यात सहसा जास्त, म्हणून रात्रभर भिजवणं, पाणी फेकणं, मोड आणून सोलणं, नीट शिजवणं ही आजीची सगळी खटपट आवश्यकच आहे. राजमावर्गाचे दाणे किमान दहा मिनिटं खळखळून उकळलेच पाहिजेत. अबईची शेंग कोवळीच घ्या, जून दाणा नीट उकळून पाणी फेकून. खाजकुहिली कुंपणावर दिसली तर शेंगेला हात लावू नका, तिच्या लवेने अंगाची आग होते, आणि तिचं बी घरात औषध म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका.

१७. बी विकता येतं का? अमेरिकेतल्या बहिणीला पाठवू का?

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ प्रमाणे शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क आहे, फक्त संरक्षित जातीचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. मी स्वतः विकत नाही, एक मूठ न्या आणि पुढच्या वर्षी दोन मुठी परत द्या असं सांगते. परदेशी पाठवायला किंवा तिकडून बॅगेत आणायला कागदपत्रं आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय नको, बियाबरोबर रोगही प्रवास करतो.

१८. सरकारी बीजबँक आहे ना, मग आपण कशाला?

आहे, दिल्लीत, उणे अठरा अंशांत, आणि ती हवीच. पण गोठवलेलं बी थांबलेलं असतं. बदलत्या पावसाशी जुळवून घ्यायचं तर दरवर्षी मातीत जायला लागतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केलं, वालाच्या कितीतरी गावठी जाती घरात आणि शेतात चालू ठेवल्या, शाळेत न जाता. त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आसपासच्या बायका त्यांच्याकडून बी नेत होत्या. आपल्या बाल्कनीत तीन-चार वेलच मावतात, एका जातीला दहा-वीस तरी हवेत, म्हणून एक जात पाच घरांत वाटून लावा. एका घरी मावा आला, एक घर बदली होऊन गेलं, तरी उरलेल्या घरांत ती असते.

१९. आजी गेली, तिच्या डब्यात चार दाणे सापडले, सात वर्षं जुने. काय करू?

चारही एकदम पेरू नका. दोन घ्या, दोन ८ प्रमाणे ठेवा. पावसाळा संपू द्या, नवरात्राच्या सुमाराला हवा बरी असते. दाण्याच्या डोळ्याच्या (जिथे तो शेंगेला चिकटलेला असतो) विरुद्ध बाजूला नेलकटरच्या कानशीने सालीवर हलकी ओरखड काढा, जुन्या कडक दाण्यात पाणी शिरायला सोपं जातं. ओल्या कापसावर ठेवा, पाण्यात बुडवून ठेवू नका, जुना दाणा गुदमरतो. मोड आला की मोड खाली करून छोट्या कुंडीत, वर जाळी, कारण कबुतरं आणि उंदीर कोवळा कोंब सोडत नाहीत. दहा दिवसांत काही झालं नाही तर लगेच फेकू नका, आणखी दहा दिवस बघा. नाहीच आले तर उरलेल्या दोनांच्या आधी मला किंवा ज्याला हाताची सवय आहे अशा कोणालातरी विचारा. आले तर पहिल्या वर्षी एकही शेंग खायची नाही, सगळ्या बियाला, आणि त्यातलं अर्धं बी दुसऱ्या घरी.

दाणे उगवायच्या आधीच आजीबद्दल आठवेल ते वहीत लिहून काढा, डबा कुठल्या फळीवर होता इथपासून.